पेनीची खाच

हजार पौंडांना तळहाताएवढी खाच.
शंभराला अंगठ्याची रुंदी, विसाला करंगळीची,
एका पौंडाला पिकल्या जवाचा दाणा.
शिलिंगला त्याहून नाजूक.
आणि पेनीला लाकूड काढायचंच नाही,
नुसतं पातं टेकवायचं, ओढायचं, सोडायचं.

हे मला बापानं शिकवलं, वेस्टमिन्स्टरच्या याच खोलीत.
वर पैसे मोजतात,
चर्मपत्राचा चिठोरा नळीतून घसरत माझ्या पुढ्यात येतो.
मी ऑब्री थर्कल. हेझलच्या काडीवर राज्याचा आकडा पाडतो,
मग काडी उभी चिरतो: अर्धी त्याची, अर्धी आमची.
दोन्ही जुळल्या की हिशेब खरा.
लबाडी करायची तर झाडालाच सामील करून घ्यावं लागेल,
बाप म्हणायचा.

पूर्वी नाणी आधी पडत, काडी मागून चिरत.
डचांशी लढाई लागली आणि क्रम फिरला.
आता काडी आधी,
नाणी पुढच्या साली बंदरात उतरणाऱ्या दारूच्या पिंपांतून,
त्याच्या पुढच्या साली मोजल्या जाणाऱ्या धुराड्यांतून.
दोरखंडवाल्याला काडी, डांबरवाल्याला काडी,
खारवलेल्या मांसाच्या कंत्राटदाराला दोन
(मांस आधीच हिरवं पडलं होतं, असं ऐकतो).
न जमलेल्या वसुलीवर काढलेली वरात,
आणि घोडं, रिवाजाप्रमाणे, मागून.
आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही
हे साहेबांनाही कळतं,
म्हणून ते पोहरे वाढवतात.

फेब्रुवारीत एक बाई दाराशी आली.
टॅमसिन पेनफोल्ड, वॉपिंगहून पायी.
हातात जहाजाच्या कारकुनानं दिलेलं तिकीट:
नवऱ्याची चौदा महिन्यांची चाकरी,
कापडचोपड वजा जाता
सोळा पौंड, तीन शिलिंग, एक पेनी.
नवराही वजा, पण ते तिकिटावर नव्हतं.

मी म्हटलं, बाई, हे इथलं नाही. नौदलाच्या कचेरीत जा.
म्हणाली, तिथूनच येतेय. ते म्हणतात तिजोरीतून आलं की देऊ.
म्हटलं, तिजोरीनं त्यांना दिलंय.
काय दिलंय?
मी बाकावर बोट दाखवलं.
तिनं एक काडी उचलली, नाकाशी नेली.
ओली आहे अजून, म्हणाली.

गल्लीतला गुत्तेवाला तिकिटाचे नऊ पौंड देतो, रोख.
तो ते सोनाराला अकराला विकेल,
सोनार पडत्या भावानं गोळा करत बसेल
आणि एक दिवस पुरे सोळा मागायला इथेच येईल,
व्याजासकट, मखमली टोपी काढून.
त्याच्यासाठी मला काडी कापावी लागेल.
हे सगळं मला ठाऊक होतं.
मी तिला म्हटलं, थांबा थोडं, मिळतील.

जाताना तिनं विचारलं, ही भुकटी टाकूनच देता ना?
पायाखालच्या ढलप्या. राज्याच्या देण्यातून निघालेलं लाकूड.
मी पोतंभर भरून दिलं.
राजाच्या नावानं त्या दिवशी रोख गेलं ते एवढंच.

करापायी तिनं चूल विटांनी बुजवली होती.
त्या रात्री तिनं विटा काढल्या असाव्यात,
कारण मार्चमध्ये वॉपिंगच्या वसुलीची बेरीज नळीतून खाली आली,
तिच्यात कुणाच्या तरी एका चुलीचा एक शिलिंग जादा होता.
तिचाच असेल असं नाही.
मी खाच पाडली, नीट, जवाहून नाजूक.

रात्री हात धुताना
अंगठ्यावर एक रेघ दिसते, पातं निसटल्याची.
कातडं निघालेलं नाही,
रक्तही नाही.
बापानं शिकवलेली, पेनीची.